चव हातात नसते, पाण्यात असते

"तिच्या हाताला चव आहे." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दावतीत ऐकलं, आमच्या शिक्षकांच्या खोलीत डबे उघडताना ऐकलं, लग्नाची बोलणी चालू असताना ऐकलं. सगळे ते कौतुक म्हणूनच बोलतात. मला मात्र आता या वाक्याचा राग येतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेली एक विद्या हे वाक्य एका फटक्यात करामत ठरवून टाकतं. करामत म्हटलं की विचारायचं, शिकायचं, लिहून ठेवायचं काही उरतच नाही. खायचं, तारीफ करायची आणि हात धुवायला उठायचं.

हा राग मला एका पातेल्यातल्या पाण्याने शिकवला. ते पाणी पास्त्याचं होतं.

माझी मुलगी नववीत आहे. ईदनंतरच्या सुट्टीत तिने पास्ता करायचा घाट घातला. पाकिटामागे कृती छापलेली होती: भरपूर पाणी उकळा, चवीनुसार मीठ घाला, पास्ता शिजवा, निथळून घ्या. तिने तसंच केलं. मोठं पातेलं घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं. टोमॅटोचा रस्सा मात्र झकास जमला होता. जेवायला बसलो तेव्हा रस्सा छान लागत होता आणि पास्ता चावला की तोंडात नुसती कणीक आल्यासारखं वाटत होतं. तिने वरून मीठ भुरभुरलं. मग जीभ खारट झाली आणि पास्ता फिक्काच राहिला.

आमच्याकडे तेव्हा माझी खाला आली होती. वय सत्तरच्या पुढे. पास्ता हा प्रकार तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. एक नळी उचलून तोंडात टाकली, दोनदा चावली आणि म्हणाली, "इसका पानीच फीका था बेटी. अब ऊपर से कितना बी नमक मारो, अंदर नै जाता."

जी वस्तू कधी पाहिली नाही, तिचा दोष बाईने एका घासात सांगितला. याला हाताची चव म्हणायचं की ज्ञान?

आधी खालाच्या म्हणण्यात शास्त्र किती आहे ते पाहू. पाकिटातला सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. हा गहू आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो. रवा आणि पाणी एवढ्यावर पास्ता तयार होतो, त्यात मीठ नसतं. म्हणजे आपल्या हातात येतो तेव्हा तो आतून पूर्ण अळणी असतो. तो उकळत्या पाण्यात पडला की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. शंभर ग्रॅम सुका पास्ता शिजून दुपटीपेक्षा थोडा जास्त भरतो. हे वाढलेलं सगळं वजन पाण्याचं. त्या पाण्यात मीठ असेल तर पाण्याबरोबर तेही आत जातं आणि पार मधल्या भागापर्यंत पोचतं. पाणी अळणी असेल तर अळणी पाणी आत जाऊन बसतं. एकदा पास्ता फुगला, निथळला, की दार बंद झालं. वरून टाकलेलं मीठ उंबऱ्यावरच बसून राहतं.

म्हणून पाकिटामागचं ते "चवीनुसार" मला सगळ्यात बेजबाबदार वाटतं. भाजीत चवीनुसार मीठ चालतं. वरणातही चालतं. पळीभर घेऊन चाखायचं आणि कमी वाटलं तर घालायचं. पण जो पदार्थ पाण्यात शिजून निथळायचा आहे, त्याची चव कळते तेव्हा मीठ घालायची वेळ निघून गेलेली असते. तिथे "चवीनुसार" सांगणं म्हणजे पेपर सुटल्यावर अभ्यासक्रम सांगणं. आणि ज्याने तो पदार्थ जन्मात खाल्ला नाही, त्याने कुठल्या चवीनुसार घालायचं? शिकणाऱ्याला काय सांगायचं ते सुचलं नाही की आपण हा शब्द लिहून मोकळे होतो.

सांगता येण्यासारखं माप आहे, आणि ते सोपं आहे. इटलीतल्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम पास्ता. हजार, दहा, शंभर. घरात काटा नसेल तर चहाचा सपाट चमचाभर बारीक मीठ साधारण सहा ग्रॅम भरतं. म्हणजे लिटरला दीड चमच्याहून किंचित जास्त. लक्षात ठेवायची गोष्ट ही की मिठाचं माप पाण्यावर धरायचं. पास्ता तेवढाच ठेवून पाणी दुप्पट घेतलं तर मीठही दुप्पट लागेल. मुलीची चूक नेमकी इथे झाली होती. पातेलं भरून पाणी आणि मीठ दोघांच्या आमटीला लागतं त्याहूनही कमी.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. पास्त्याचं पाणी समुद्रासारखं खारट हवं, असं मोठ्या ऐटीत सांगितलं जातं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे इटालियन मापाच्या साडेतीन पट. तसा पास्ता करून बघा, खाववणार नाही. हे सांगणाऱ्यांनी बहुधा समुद्राचं पाणी कधी तोंडात घेतलेलं नसावं. पाणी लागावं तर नीट मीठ पडलेल्या यखनीसारखं. आमच्या मराठवाड्यात तर चाखून ठरवण्यातही धोका आहे, कारण बोअरचं पाणी मुळातच मचूळ असतं. मीठ न घालताही जिभेला वाटतं, काहीतरी आहे. म्हणून नवशिक्याने जिभेवर जाऊ नये, मापावर जावं.

मिठाने पाणी लवकर उकळतं, हाही एक समज. खरं तर मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो, पण लिटरला दहा ग्रॅम मिठाने तो एक अंशाच्या पाचव्या हिश्शाइतकाही वाढत नाही. उकळत्या पाण्यात मीठ टाकलं की एकदम फसफसतं, कारण मिठाच्या कणांभोवती बुडबुडे पटापट तयार होतात. तो देखावा पाहून आपण समज करून घेतो. मीठ उकळी आल्यावर घालायचं कारण वेगळंच आहे. थंड पाण्यात टाकलेलं मीठ न विरघळता तळाशी बसतं आणि स्टीलच्या भांड्याला तिथे बारीक खड्डे पडू शकतात. उकळी आली की मीठ घाला, ढवळा, विरघळू द्या, मग पास्ता सोडा. सोडल्यावर पहिली दोन मिनिटं परत ढवळा, म्हणजे चिकटणार नाही. पाण्यात तेल ओतायची गरज नाही, ते वरच तरंगतं. निथळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढा. त्यात स्टार्चही असतो आणि मीठही. रस्सा आणि पास्ता त्याने एकजीव होतात.

एक धोक्याची सूचना. हे माप फक्त निथळण्याच्या पदार्थाचं आहे. झटपट नूडल्स, उपमा, कुकरमधला भात, किंवा हल्ली एकाच भांड्यात सगळं आटवून करतात तो पास्ता, यांत पाणी टाकून देत नाहीत. घातलेलं सगळं मीठ पोटात जातं. तिथे लिटरचा हिशेब लावलात तर जेवण फेकून द्यावं लागेल आणि शिव्या मला बसतील.

ब्लड प्रेशरचं काय, असं विचारणारे वाचक असतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. मग एका पातेल्यात दहा ग्रॅम? हिशेब करून बघा. शंभर ग्रॅम पास्ता साधारण सव्वाशे ग्रॅम पाणी पितो. त्या पाण्यात टक्काभर मीठ, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. बाकीचं मोरीत जातं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर लिटरला पाच ग्रॅम घाला आणि रश्शात लिंबू, मिरी वाढवा. पण कमी करण्यासाठीसुद्धा आधी किती घालतो हे माहीत असावं लागतं. ज्याच्या घरात सगळं अंदाजाने चालतं, तो निम्मं कशाचं करणार?

आता अंदाजाकडेच येतो.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी खालाला विचारलं, "खाला, बिर्याणीच्या पाण्यात तुम्ही मीठ किती टाकता?"

"अंदाज से."

"अंदाज म्हणजे किती?"

"अंदाज बोले तो अंदाज," ती हसून म्हणाली.

मी मास्तर. मला हे उत्तर वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. खालाला उभं करता येत नाही, म्हणून मी मुलीच्या केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा काढला. खालाला म्हटलं, एक किलो तांदळाचं पाणी ठेवा. तिने तिच्या सवयीचं पातेलं मागितलं आणि कानाच्या खाली दोन बोटं पाणी भरलं. मी मापून पाहिलं तर चार लिटर. मग म्हटलं, आता यात घालायचं मीठ काढा. तिने खड्याच्या मिठात हात घातला, मूठ भरली, बोटांच्या फटीतून थोडं परत सोडलं आणि माझ्या ताटलीत टाकलं. अठ्ठावन्न ग्रॅम. आकडा मी तिला दाखवला नाही. असरच्या नमाजनंतर परत मागितलं: एकसष्ट. संध्याकाळी: एकोणसाठ. दुसऱ्या दिवशी दोनदा: साठ आणि सत्तावन्न.

सरासरी एकोणसाठ. चार लिटरला एकोणसाठ ग्रॅम, म्हणजे लिटरला जवळजवळ पंधरा. पाच वेळांत कमाल आणि किमान यांत फरक चार ग्रॅमचा. चार लिटर पाण्यात चार ग्रॅमचा फरक कुठल्या जिभेला कळणार? शाळेत सरासरीचं गणित मी दुसऱ्यांच्या तासाला ऐकलं आहे, पण इतकं नेमकं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नाही.

इटलीत दहा आणि खालाचे पंधरा का, हेही तिलाच माहीत होतं. बासमती आधी अर्धा तास भिजतो, म्हणजे बरंचसं पाणी तो अळणीच पिऊन बसलेला असतो. मग उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटं, एक कणी कच्ची ठेवून काढायचा. पास्ता दहा मिनिटं पाण्यात राहतो, तांदळाला त्याच्या निम्माच वेळ मिळतो. खाला म्हणाली, "चावल को टाइम कम है ना, तो पानी तेज होना." यापेक्षा जास्तही नको, कारण खाली मसाल्याच्या थराचं स्वतःचं मीठ असतं. आणि मूठ खड्याच्या मिठाचीच हवी. तीच मूठ बारीक मिठाची भरली तर वजन वाढतं. हेसुद्धा तिला ठाऊक होतं. "बारीक नमक मूठ में बैठ जाता," असं तिचं म्हणणं.

म्हणजे अंदाज हा मापाचा अभाव नव्हता. पन्नास वर्षं रोज वापरून मुठीत मुरलेलं ते माप होतं. काटा तिच्या हातात होता, फक्त त्यावर आकडे कुणी लिहिले नव्हते.

मी विचारलं, "खाला, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "किसीने पूछाच नै. खाके उठ जाते थे सब."

त्या "सब"मध्ये मी होतो. माझे अब्बा होते, मामू होते, आम्ही सगळे भाऊ होतो. अम्मीची बिर्याणी खाऊन आम्ही "अम्मी के हाथ का क्या मजा है" म्हणत उठलो आणि एकदाही तिच्या पातेल्याजवळ जाऊन उभे राहिलो नाही. अम्मी गेली. तिच्या मुठीत किती ग्रॅम मावायचे हे आता कुणीच सांगू शकत नाही. तिच्या वापरातलं पातेलं आहे, तिचा डाव आहे, मूठ नाही. माझ्या बायकोने किती तरी वर्षं ती चव आणायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी घरातल्या कुणी ना कुणी तिला सांगितलं, "अच्छी है, मगर वो बात नहीं." ती बात कुठे आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोष मात्र तिच्या हाताला.

बघा, हे वाक्य दोन्ही बाजूंनी कसं कापतं. जिला येतं तिला श्रेय मिळत नाही, कारण चव म्हणे अल्लाहने हातात दिलेली. जिला अजून येत नाही तिला आशा मिळत नाही, कारण चव म्हणे हातातच नाही. आणि पुरुषांची तर चांदीच, "आमच्या हाताला कुठली चव" म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर कायमचे मोकळे. इतकं सोयीचं वाक्य दुसरं नसेल.

काही जण म्हणतील, मास्तर, सगळंच मोजायला लागलात तर स्वयंपाकातली कला जाईल. हे ऐकलं की मला माझा पाचवीचा वर्ग आठवतो. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचा ळ जड जातो, कारण उर्दूत तो ध्वनीच नाही. मुलं 'काळा'चं 'काला' करतात, 'फळ'चं 'फल' करतात. 'चमचा' हा शब्द घरी एक च लावून म्हणतात, मराठीत दुसरा च लागतो. या मुलांना अनेक वर्षं सांगितलं गेलं, "ऐकत जा, येईल." काहींना आलं. बाकीच्यांना लोक हसले, आणि मराठी आपल्यासाठी नाहीच असं ती मुलं धरून बसली. बीएडला आम्हाला शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. मी मुलांना सांगतो, ल म्हणताना जीभ दातांमागे लागते ना, आता तिचं टोक मागे वळवून टाळूला लावा आणि सोडा. तीन दिवसांत ळ येतो. जीभ कुठे लावायची हे सांगितल्याने कुणाच्या बोलण्यातली गोडी गेलेली मी पाहिलेली नाही. उलट जो गप्प बसायचा तो बोलायला लागतो.

मिठाचंही तसंच. माप हे शिकणाऱ्याचं पहिलं पाऊल आहे आणि अंदाज हे शेवटचं. शेवटच्या पायरीवर उभं राहून खालच्याला "वर ये" म्हणायचं आणि मधल्या पायऱ्या दाखवायच्या नाहीत, याला शिकवणं म्हणत नाहीत. दावतीच्या बावर्चीने त्याचं माप सांगितलं नाही तर मी समजू शकतो, त्याची रोजी त्यावर आहे. घराघरांतल्या मापाला झाकून ठेवायचं काय कारण? आणि खरं सांगायचं तर घरातल्या बायकांनी ते झाकलेलंच नव्हतं. आम्ही विचारलं नाही. छापील कृती लिहिणाऱ्यांनीही विचारलं नाही. त्यांनी हळद पाव चमचा लिहिली, तिखट दोन चमचे लिहिलं आणि ज्याच्यावाचून सगळं फुकट, तिथे येऊन "चवीनुसार" लिहिलं.

पुढच्या रविवारी मुलीने परत पास्ता केला. चारशे ग्रॅम पास्ता, चार लिटर पाणी, चाळीस ग्रॅम मीठ. काट्यावर ताटली ठेवून तिने मीठ मोजलं, तेव्हा खाला शेजारी उभी होती. मोजून झाल्यावर खालाने ते मीठ उचलून आपल्या मुठीत घेतलं, क्षणभर तोललं आणि म्हणाली, "मेरे से कम है. मगर इसको बस है." नंतर मुलीने ते स्वतःच्या मुठीत घेऊन पाहिलं. तिच्या मुठीत ते गच्च भरून आलं. आता तिला तिच्या मुठीचं माप कळलं आहे. काही महिन्यांनी ती काटा काढणारही नाही, आणि कुणीतरी म्हणेल, हिच्या हाताला चव आहे.

त्या रविवारी निथळून घेतलेला पास्ता रस्सा न घालताच मी एक नळी चाखली. चव आतपर्यंत होती.

माझी विनंती एवढीच. तुमच्या घरात अम्मी, आजी, खाला, फुफी, काकू, जी कोण अंदाजाने मीठ घालणारी बाई असेल, तिच्याजवळ या आठवड्यात काटा घेऊन जा. मुसलमान असा की हिंदू, पातेलं सगळ्यांकडे सारखंच आहे. तिची मूठ पाच वेळा मोजा, पाणी मोजा, वहीत लिहा आणि वर तिचं नाव घाला. बिर्याणीचं लिहा, वळणाऱ्या शेवयांचं लिहा, लोणच्याचं लिहा. पास्ता करणार असाल तर हजार, दहा, शंभर लिहून फळीच्या आत चिकटवा. आणि हे काम मुलींवर सोपवू नका. मुलांनी करा, बापांनी करा. खाल्ल्या मिठाला जागायचं असेल, तर ते किती होतं एवढं तरी आपल्याला ठाऊक असायला हवं.